दहा लिटरची टाकी आणि शंभर रुपयांचा पल्ला

पेट्रोल संपणे हे गैरहजेरीचे ‘पुरेसे कारण’ होऊ शकते काय? कायद्याच्या कोणत्याही परीक्षेत हा प्रश्न मला आला नव्हता. तो आला तालुक्याच्या न्यायालयात, भर दुपारी, आणि विचारणारे होते खुद्द न्यायाधीश.

माझा पक्षकार साठीच्या घरातला. पावणेदोन एकर कोरडवाहू जमीन आणि बाकी वर्षभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी. शेजाऱ्याने बांध फोडून जमीन दाबली म्हणून दावा लावलेला. चार वर्षे तारखांवर तारखा पडल्या आणि अखेर त्याच्या उलटतपासाचा दिवस उजाडला. पुकारा झाला, माणूस नाही. दुसऱ्यांदा पुकारा झाला, तरी नाही. मी मुदत मागितली, समोरच्या वकिलांनी हरकत घेतली. ती रीतसरच होती, कारण मागच्या दोन तारखाही आमच्याच बाजूने गेल्या होत्या. वादीचा पुरावा बंद करण्याचा आदेश झाला.

दोनच्या सुमारास मामा आवारात शिरले. मोटारसायकल हातात धरून, चालत. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. सात किलोमीटर गाडी ढकलत आणली होती. मी चिडून म्हणालो, “मामा, कुणाच्या गाडीवर बसून आला असतात!” तर म्हणाले, “लेकाची गाडी हाय, साहेब. रस्त्यावर टाकून कशी येऊ? फोन लावला तुम्हाला, धा बार लावला.” खरेच होते. न्यायालयात बसताना मी फोन बंद ठेवतो. नंतर सुरू केला तेव्हा मिस्ड कॉलची रांग लागली होती.

“पेट्रोल टाकलं नव्हतं का?”

“काल सांजंला पन्नासचं टाकलं होतं ना, साहेब.”

आदेश मागे घेण्यासाठी अर्ज दिला, शपथपत्र जोडले. गैरहजेरीचे कारण म्हणून लिहिले, मोटारसायकलमधील पेट्रोल रस्त्यात संपल्यामुळे. समोरचे वकील हसले. आमचे इतर वकीलबांधवही हसले. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारले, पेट्रोल संपणे हा अपघात आहे की निष्काळजीपणा? गाडी काढण्यापूर्वी टाकी पाहणे हे माणसाचे काम नाही काय? त्या क्षणी मी जे काही बोललो ते वकिली थाटाचे होते, आणि अर्ज पाचशे रुपये खर्चावर मंजूरही झाला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्याचे जे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, ते येथे देत आहे.

आधी गाडीचा हिशोब पाहू. मामांच्या लेकाची गाडी स्प्लेंडर, आपल्या खेड्यापाड्यांत सर्वात जास्त दिसणारी. आजच्या स्प्लेंडर प्लसची टाकी ९.८ लिटरची आहे. शंभर सीसीची गाडी बरी राखलेली असेल तर लिटरला पंचावन्न-साठ किलोमीटर देतेच. म्हणजे एकदा टाकी भरली की साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. परभणीहून निघालेला माणूस मुंबईपर्यंत जाईल एवढा. हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ साली बाजारात आली तेव्हा टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली होती. विसरून जाण्याची ही सोय टाकी भरू शकणाऱ्यासाठी होती. आमच्या माणसाने आयुष्यात गाडीची टाकी पूर्ण भरलेली दोनदाच पाहिली असेल, एकदा कुणाच्या लग्नात आणि एकदा निवडणुकीच्या रॅलीत. एरवी पन्नास, शंभर, फार तर दोनशे. साडेपाचशे किलोमीटरची गाडी हयातभर पन्नास किलोमीटरची म्हणून जगते.

शहरातल्या माणसाला हे कंजूषपणाचे लक्षण वाटते. पंपावर मागे मोटारीत बसलेला हॉर्न वाजवतो, पुढच्याने सत्तर रुपयांसाठी रांग अडवली म्हणून. त्याला हे ठाऊक नसावे की या देशातले पेट्रोल मुख्यत्वे दुचाकीवालाच जाळतो. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी झालेल्या आणि २०१४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या पाहणीत देशातल्या एकूण पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींत जात असल्याचे दिसून आले. मोटारींचा वाटा सुमारे ३४ टक्के. पंप चालतो तो या सत्तर रुपयांवर चालतो. उत्पादन शुल्क आणि व्हॅट यांचा भारही लिटरमागे दोघांना सारखाच. मोटारसायकलवाल्याला कोणी वेगळा दर लावत नाही.

मग माणूस शंभराचेच का टाकतो? पहिले कारण सांगायची गरज नाही. हातात मजुरी रोज येते, ती रोजच वाटली जाते, तेल-मीठ, औषध, शाळेची वही आणि त्यात पेट्रोल. गाडी हप्त्यावर मिळते, पेट्रोल हप्त्यावर मिळत नाही. पण दुसरी कारणेही आहेत आणि ती माझ्या पक्षकारांनीच मला शिकवली. टाकी भरलेली दिसली की गाडी मागायला चौघे येतात. भाऊबंदाला नाही म्हणता येत नाही, आणि ‘पेट्रोल टाकून देतो’ म्हणणारा टाकून देतोच असे नाही. ‘गाडीत तेल नाही’ हे एकच उत्तर असे आहे की ज्याने नातेही राहते आणि गाडीही. शिवाय जुन्या गाडीची नळी उपसून रात्री पेट्रोल काढून नेणे ही पाच मिनिटांची चोरी आहे आणि तिची फिर्याद कोणी देत नाही. ज्याच्या घराला कुंपण नाही, गाडी ठेवायला खोली नाही, त्याने टाकी भरून गाडी बाहेर लावणे म्हणजे पैसे अंगणात ठेवणे. तेव्हा थोडे थोडे टाकणे हा मूर्खपणा नाही. ज्या परिस्थितीत तो राहतो तिच्यातला तो शहाणपणाच आहे.

पण हा शहाणपणा महाग पडतो, आणि किती महाग पडतो ते कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. लिटरचा भाव १०५ रुपये धरू. शंभर रुपयांत साडेनऊशे मिलीलिटर येते. लिटरला पंचावन्न किलोमीटर धरले तर पल्ला बावन्न किलोमीटर. आता पंप गावापासून चौदा किलोमीटरवर असेल तर जाण्यायेण्यात अठ्ठावीस गेले. हाती राहिले चोवीस. म्हणजे शंभरातले चोपन्न रुपये पेट्रोल आणण्यातच जळाले. हेच पाचशेचे एकदम टाकले तर दोनशे बासष्ट किलोमीटरचा पल्ला आणि पंपाची खेप एकच, म्हणून हाती राहतात दोनशे चौतीस. शंभर-शंभराच्या पाच खेपांत हाती राहिले असते एकशेवीस. पैसे तेवढेच, पंपही तोच, पण एकाला जवळजवळ दुप्पट रस्ता मिळाला. माणूस काही निव्वळ पेट्रोलसाठीच तालुक्याला जात नाही, बाजार असतो, दवाखाना असतो, कचेरी असते, त्यामुळे एवढा फरक प्रत्येक वेळी पडणार नाही, हे मान्य. परंतु हंगाम नसताना, गावात बसून असताना, केवळ तेल संपत आले म्हणून तालुका गाठणारे लोक मी पाहतो, आणि त्यांच्या बाबतीत हा हिशोब जसाच्या तसा लागू पडतो.

आमच्या परभणीकराला तर भावाचाही वेगळा मार आहे. राज्यात पेट्रोल सर्वात महाग कोठे, या प्रश्नाचे उत्तर वर्षानुवर्षे बहुधा परभणी हेच राहिले. कारण साधे आहे. आमच्याकडे येणारा टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून भरून येतो, अंतर साधारण तीनशे किलोमीटर, आणि त्या वाहतुकीचा खर्च दरात चढतो. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. परभणीत ती त्याआधीच ओलांडली गेली होती. केंद्र सरकारने पेट्रोलचे दर २०१० च्या जूनमध्ये नियंत्रणमुक्त केले आणि १६ जून २०१७ पासून ते रोज बदलण्याची पद्धत आली. रोज बदलणारा दर मोटारवाला महिन्यातून चारदा पाहतो, शंभरवाला रोज पाहतो. ‘शंभरचं टाका’ म्हणण्यात एक सोय अशीही आहे की भाव कितीही वाढला तरी आपला आकडा तोच राहतो. कमी होते ते पेट्रोल, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

आता मामांच्या त्या सात किलोमीटरकडे येतो. आदल्या संध्याकाळी पन्नासचे टाकले होते, मग गाडी मध्येच कशी बंद पडली? मी कॉक पाहिला तेव्हा उलगडा झाला. तो रिझर्व्हवरच होता.

जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नसते. टाकीच्या तळाशी कॉकला दोन वाटा असतात. एक नळी आत उंच उभी असते, दुसरीचे तोंड तळाशी. मेनवर गाडी उंच नळीतून पेट्रोल ओढते. पातळी त्या नळीखाली गेली की गाडी आचके देते, आणि माणूस चालत्या गाडीवरच डाव्या हाताने कॉक फिरवून रिझर्व्हवर घेतो. हा आचका हीच सूचना. त्यानंतर साधारण लिटरभर पेट्रोल उरलेले असते. पण पेट्रोल टाकल्यावर कॉक पुन्हा मेनवर आणला नाही तर गाडी तळाच्या तोंडातूनच पीत राहते आणि पुढच्या वेळी आचका येत नाही. गाडी सरळ बंद पडते. मामांच्या लेकाने आठवडाभर आधी कॉक फिरवला, तो तसाच राहिला. मधल्या काळात पन्नास-पन्नास दोनदा पडले. आदल्या रात्री मामांनी पन्नास टाकले, त्याच रात्री लेक ती गाडी घेऊन कुठेतरी जाऊन आला. सकाळी मामांना वाटले, अजून रिझर्व्ह तर लागलेलीच नाही. त्यांचा हिशोब चुकला नव्हता. सूचना देणारी नळीच बंद होती.

गाडी बंद पडल्यावर आपल्याकडे माणूस काय करतो ते सर्वांना माहीत आहे. डावीकडे गाडी आडवी करतो, हलवतो, झाकण उघडून फुंकतो. याला लोक हसतात, पण आडवी करण्यात तथ्य आहे. मोटारसायकलची टाकी चौकटीच्या नळीवर खोगिरासारखी बसलेली असते, तिला खाली दोन कप्पे पडतात, आणि कॉक डाव्या बाजूला. उजव्या कप्प्यातले थोडे पेट्रोल कॉकपर्यंत पोचतच नाही. आडवे केले की ते डावीकडे येते आणि गाडी अजून दोन-तीन किलोमीटर जाते. मामांनी तेही केले होते. शपथपत्रात मी ते लिहिले नाही. लिहायला हवे होते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, आणि स्प्लेंडरसारख्या गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्यांना कॉक नाही, रिझर्व्हही नाही. आहे तो काटा किंवा दिवा. या गाड्यांत पेट्रोल ढकलणारा विजेचा पंप टाकीच्या आत बुडलेला असतो आणि त्याला थंड ठेवण्याचे काम पेट्रोलच करते. सतत तळाशी चालवली, वरचेवर कोरडी केली, तर हा पंप लवकर जातो, आणि तो बदलण्याचा खर्च शंभर-शंभराच्या कितीतरी खेपांएवढा असतो. म्हणजे जुन्या गाडीवर शिकलेली सवय नव्या गाडीवर नडते. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडून देण्याची सवयही अशीच. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर इंजिनाला जाणारे पेट्रोल बंद होते. न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळत राहते, वर इंजिनाचा ब्रेकही जातो. वाचवायला जावे आणि घाटात हात-पाय मोडून घ्यावेत, असा हा प्रकार.

याच्या जोडीला आता इथेनॉल आले आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत विक्रीला आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झाले. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, हे रसायनशास्त्र आहे, त्यात राजकारण नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने जुन्या धर्तीच्या दुचाकींचे ॲव्हरेज यामुळे तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा म्हणून झालेली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. या धोरणाने परकीय चलन वाचते, साखर कारखान्यांना आणि ऊसवाल्यांना पैसा मिळतो, हे सर्व खरे मानू. मी फक्त तीन-चार टक्के म्हणजे काय ते सांगतो. साठ किलोमीटर देणारी गाडी लिटरला दोन किलोमीटर कमी देते. टाकी भरणाऱ्याला हे वीस किलोमीटर मागच्या पंपावर कळतही नाहीत. लिटरभर टाकून मोजून मापून निघणाऱ्याची गाडी मात्र नेमकी घराच्या अलीकडे दोन किलोमीटरवर थांबते. ऊस तोडून आलेला माणूस त्याच उसाच्या इथेनॉलपायी गाडी ढकलतो, हे चित्र मला तरी विनोदी वाटत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. इथेनॉल पाणी धरते. पावसाळ्यात झाकणातून पाणी झिरपले आणि प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. ज्याच्या टाकीत तळच काय तो भरलेला असतो, त्याच्या इंजिनात आधी तेच जाते. झाकणाचे फाटलेले रबर बदलायला फार खर्च येत नाही. पावसाआधी बदलून घ्यावे.

पंपावरच्या फसवणुकीबद्दल मला रोज कोणी ना कोणी विचारतो, म्हणून तेही सांगतो. एकशेदहाचे टाकले तर मशीन फसवत नाही, पहाटे टाकले तर जास्त मिळते, या समजुतींत फारसा अर्थ नाही. पेट्रोल उष्णतेने फुगते हे खरे, पण ते जमिनीखालच्या टाकीत असते आणि तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही. लुबाडायचेच असेल तर मशीनच बिघडवले जाते. २०१७ साली आधी उत्तर प्रदेशात आणि मग आपल्याकडे ठाणे पोलिसांच्या कारवाईत मशीनमध्ये चिप बसवून माप मारणारे पंप सापडले होते. तिथे एकशेदहा म्हटल्याने काय होणार? तुमचा खरा अधिकार वेगळा आहे. प्रत्येक पंपावर वैध मापन शास्त्र विभागाची मोहर असलेले पाच लिटरचे माप असते आणि ग्राहकाने मागितले तर त्यात मापून दाखवावे लागते. पाच लिटरला पंचवीस मिलीलिटरपर्यंत फरक चालतो, त्याहून तूट असेल तर तक्रार करता येते. मापातले पेट्रोल नंतर पंपाच्याच टाकीत परत जाते, म्हणून खिशात शंभरच असले तरी माप मागायला अडचण नाही. भेसळीचा संशय असेल तर गाळण कागदावर थेंब टाकून दाखवा म्हणावे. हवा मोफत असते, तक्रारवही मागता येते. मी एकदा एका पंपावर माप मागितले तर कपाटाची किल्ली मालकाकडे आहे असे उत्तर मिळाले. मी तक्रारवही मागितली. किल्ली सापडली. माप बरोबर भरले, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. बहुतेक वेळा शंभरवाल्याचे पेट्रोल जाते ते चिपमुळे नव्हे, तर शून्य न पाहिल्यामुळे. नोकर बोलण्यात गुंतवतो, मागच्याचे वीस-तीस मशीनवर असतातच, तिथूनच पुढे चालू होते. पाचशेत वीस गेले तर चार टक्के गेले, शंभरात वीस गेले तर पाचवा हिस्सा गेला.

राहिला बाटलीतल्या पेट्रोलचा विषय. ज्या गावापासून पंप वीस-पंचवीस किलोमीटर आहे तिथे किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मिळते, लिटरमागे वीस-तीस रुपये चढे. अशा एका विधवा बाईचा खटला मी चालवला आहे. कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. पेट्रोलियम कायदा १९३४ च्या कलम ८ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच आणि चिनी माती एक लिटरपर्यंत, धातू पंचवीस लिटरपर्यंत. पाण्याची प्लास्टिकची बाटली या यादीत नाही. आणि विक्रीसाठी म्हणाल तर एक बाटलीही चालत नाही. त्यातच जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ लावला तर कलम ७ खाली शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्या बाईच्या घरात अकरा बाटल्या सापडल्या होत्या, चुलीपासून आठ फुटांवर. मी तिची बाजू मांडली, पण तिला बाहेर येऊन सांगितले की पोलिसांनी पकडले ते बरे झाले, एखादी ठिणगी पडली असती तर मला खटला चालवायला कोणी उरलेच नसते. ती म्हणाली, “रात्री बाळंतिणीला न्यायला लोक माझ्याच दाराशी येत होते, साहेब. आता कुठं जातील?” याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ज्या गावाला पंप दूर आहे तिथे पाच-सहा घरांनी मिळून धातूच्या कॅनमध्ये पाच लिटर पेट्रोल अडीनडीला ठेवावे, चुलीपासून आणि मुलांपासून दूर, कोणीही नफा न घेता, एवढेच मी सुचवू शकतो. विक्री नसेल तर ते कलम ८ मध्ये बसते.

आमच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगायला नको. गावोगाव बैठका घेणाऱ्याने वर्गणीतून आधी काय वजा केले असेल तर ते पेट्रोल. दोघांत एक गाडी, जाताना एकाचे पन्नास, येताना दुसऱ्याचे पन्नास, आणि रात्री बारा वाजता कुठल्यातरी फाट्यावर कॉक चाचपणे. निवडणुका आल्या की मात्र रॅलीला या, दोनशेचे टाकून देतो, म्हणणारे भेटतात. त्या दोनशेची मोहिनी ज्याची टाकी कायम रिकामी असते त्यालाच पडते. त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या टाकीत डोकावून पाहावे.

उपाय म्हणून मला विचाराल तर बजाजच्या वाळूजच्या कारखान्यातून निघणारी सीएनजीची मोटारसायकल २०२४ च्या जुलैत आली, विजेच्या दुचाकी आल्या. पण दोन किलो सीएनजी भरायला खेड्यात पंप कुठे, आणि विजेची गाडी रात्री लावावी तर भारनियमन. ज्याच्याकडे आज जुनी स्प्लेंडर किंवा प्लॅटिना आहे त्याला त्याच गाडीवर पुढची दहा वर्षे काढायची आहेत. त्याला मी एकच गोष्ट सांगतो. बाजाराच्या दिवशी पगार हाती आला की एकदाच, फक्त एकदाच, नेहमीपेक्षा दोन लिटर जास्त टाका. मग ते दोन लिटर तुमचे नाहीत असे समजा. त्यानंतर खुशाल शंभर-शंभराचेच टाका, पण त्या दोन लिटरच्या वर. खर्च तेवढाच राहतो, फक्त तुम्ही तळावरून उठून वर बसता. दोनशे-सव्वादोनशे रुपये एकदा अडकतात. ते गाडी मागणाऱ्यांपासून आणि रात्रीच्या चोरापासून कसे राखायचे, हे ज्याचे त्याने पाहावे. टाकीला कुलूप आहे, नळीला नाही.

आणि गाडी खरोखर किती देते ते माहीत असू द्या. त्यासाठी टाकी भरावी लागत नाही. मेनवर आचका आला की लगेच किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. पंपावर मोजून दोन लिटर टाका आणि कॉक मेनवर आणा. पुन्हा आचका येईल तेव्हा आकडा लिहा. दोन्ही आकड्यांतले अंतर भागिले दोन. ज्यांना ही भागाकाराची रीत सांगितली त्यांच्यापैकी कोणाचीही गाडी कंपनीने सांगितले तेवढी देत नव्हती. चाकात हवा कमी, चेन सैल, ब्रेकवर पाय, आणि तिघे बसलेले.

त्या पाचशे रुपये खर्चाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. ते मामांनी भरले. मी भरतो म्हणालो तर ऐकेनात. पाचशे रुपये म्हणजे जवळपास पाच लिटर, म्हणजे त्यांच्या गावाहून न्यायालयापर्यंतच्या सात-आठ खेपा. पुढच्या तारखेला ते साडेनऊलाच हजर होते, चपराश्याच्याही आधी. गाडी झाडाखाली लावलेली. हँडलला लाल चिंधी बांधलेली दिसली म्हणून विचारले, तर म्हणाले, कॉक रिझर्व्हवर घेतला की लेकाने चिंधी बांधायची आणि पेट्रोल टाकून मेनवर आणला की सोडायची, असे घरात ठरले आहे. चिंधी बांधलेली असेल तर तारखेच्या दिवशी गाडी काढायची नाही, एस.टी.ने यायचे.

“मग आज बांधलेली कशी?” मी विचारले.

“आज सोडायची राहिली, साहेब,” मामा म्हणाले, आणि वाकून कॉक पाहू लागले.